उचल घेतलेली जीभ

पोरगं तोंडाळ निघालं की इंग्रज त्याला 'चीकी' म्हणतो. त्या शब्दाचं मूळ गालात आहे, म्हणजे इंग्रजाच्या लेखी हा गुन्हा तोंडावर घडतो. मराठीत तो घड्याळात घडतो. आपण त्या पोराला 'आगाऊ' म्हणतो आणि तोच शब्द पैशालाही लावतो: आगाऊ रक्कम, आगाऊ आरक्षण, आगाऊ सूचना. वेळेआधी आलं ते आगाऊ. तेव्हा मराठीने या माणसावर ठेवलेला ठपका नीट वाचला तर एवढाच निघतो, की गडी वय यायच्या आधी बोलला. बोलला ते खोटं होतं, असं त्या शब्दात कुठंच नाही.

हा माणूस पाहायचा तर गेवराई तालुक्यातलं चकलांबा बरं, कारण आगाऊ व्यवहार म्हणजे काय हे बीड जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. ऊसतोडीचा कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हंगामाच्या आधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेते आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, टनाटनाने ती फेडत राहते. आपला गडी विशी-बाविशीतला. त्याने उचल घेतलीय ती मोठेपणाची. टपरीवर मुकादम वही काखेत मारून बसलेला असतो आणि चार कर्ती माणसं गप्प असतात. हा चहा फुंकत हळूच म्हणणार, "बप्पा, तुमची वही लई गुणाची. उचल लिहायला बरोबर सापडती, फेडलेलं लिहायला घरी राहती." चारही जण बशीत तोंड घालून हसतात. मुकादम म्हणतो, "लई आगाऊ झालास." वही दाखवतो, असं काही तो म्हणत नाही.

कुणी म्हणेल, याला सरळ उद्धट म्हणा की. पण उद्धट माणूस आधी 'तुम्ही'वरून 'तू'वर उतरतो. आगाऊ 'बप्पा' सोडत नाही, उलट सगळी धार त्या 'बप्पा'च्या म्यानात घालून आणतो. तो चोंबडाही नाही: चोंबडा दुसऱ्याच्या घरातलं बोलतो, हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं. उद्धटपणासाठी चकलांब्यात पोलीस ठाणं आहे, आगाऊपणाचा निकाल टपरीवरच लागतो. मग दुसरा आक्षेप येतो: वयाचा काही मान आहे की नाही? आहे ना. पण नंबर सोडून पुढं घुसल्याची तक्रार नंबरात उभ्या असलेल्याने करावी. 'भावी सरपंच', 'भावी आमदार' असे फ्लेक्स कोणत्या गावात लागत नाहीत? निवडणुकीला अवकाश, तिकिटाचा पत्ता नाही, आणि पद अंगावर चढवून हात जोडलेले. याहून आगाऊ काय असतं? पण त्याला आपण कार्यकर्त्यांचं प्रेम म्हणतो.

तिसरा आक्षेप वजनाचा आहे: ही सवलत पोरांनाच. तेच वाक्य पोरीच्या तोंडून आलं तर हसू फुटत नाही, 'जिभेला हाड नाही' ऐकू येतं. हे खरं आहे, आणि म्हणूनच जरा उत्तरेला पाहावं. तालुक्याच्या कडेने गोदावरी वाहते आणि पलीकडे पैठण तालुक्यात आपेगाव आहे, ज्ञानदेवांच्या पूर्वजांचं गाव. त्याच घराण्यातली मुक्ताबाई. आख्यायिका अशी, की चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांना मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून त्यांनी ज्ञानदेवांना कोरंच पत्र धाडलं. ते पाहून ही एवढीशी पोर म्हणाली, इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. आगाऊपणाची याहून मोठी उचल मराठी मुलखात कुणी घेतलेली नाही. आणि चांगदेवांनी पुढं काय केलं? तिलाच गुरू केलं.

राहिला प्रश्न फेडीचा. 'उचलली जीभ लावली टाळ्याला' ही म्हण फुकट बोलणाऱ्याची. आगाऊ माणसाला फुकटात बोलता येत नाही. एकदा त्याचं बोलणं खोटं ठरलं की पुढचा हंगामभर टपरीवर तोंड उघडायची सोय उरत नाही. आणि खरी बाकी फिटते ती वीस-पंचवीस वर्षांनी. तेव्हा हाच बप्पा झालेला असतो, वही याच्या काखेत असते आणि समोर कुणीतरी बावीस वर्षांचा चहा फुंकत उभा असतो. "लई आगाऊ झालास" म्हणून मोकळा झाला, तर बाकी तशीच. वही उघडून त्याच्यापुढं सरकवली, तर फिटली.