दुबई व्हाया घाटकोपर

मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९०० किलोमीटर, प्रवास साधारण सव्वातीन तास. बदलापूरचा हेंद्रेपाडा ते सहार विमानतळ सरळ रेषेत जेमतेम ४० किलोमीटर, आणि घरातून निघून बॅगेसकट विमानतळाच्या दारात उभं राहीपर्यंत वेळ पुन्हा तेवढाच, सव्वातीन तास. सरळ रेषेत गेलं तर विमानाला हे अंतर तीन मिनिटांचं. पण विमानाला वाटेत नेवाळी नाका लागत नाही, काटई लागत नाही आणि शीळफाटा तर नाहीच नाही.

मामा पहिल्यांदाच लेकीकडे दुबईला निघाले, तेव्हा घरात गाडीवाले आणि लोकलवाले असे दोन तट पडले. मामांची उभी नोकरी लोकलच्या चौथ्या सीटवर, अर्ध्या बुडावर झालेली. निकाल लोकलच्या बाजूने लागला. विमान रात्री दहाचं. तीन तास आधी पोचायचं, एक तास मेगाब्लॉकसाठी राखीव, शिवाय दिवस जुलैचे. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसकट इथेच वांगणीच्या अलीकडे पुरात अडकली होती, तो धसका वेगळा. मामा दुपारी बारालाच जेवून बाहेर पडले.

डब्यात कोणीतरी म्हणालं, "काका, बॅग रॅकवर टाका."

"त्यात लोणचं आहे."

"मग आडवी नको." दोघांनी बॅग उभी धरली, तिसऱ्याने आंब्याचं की लिंबाचं विचारलं. ठाणं सुटल्यापासून मामांचा "घाटकोपर? घाटकोपर?" असा जप सुरू झाला आणि लोणचं सुखरूप उतरलं. पुढे मेट्रोने मरोळ नाका, तिथून भुयारी मेट्रोचं एकच स्टेशन. विमानतळावर मामा इतक्या लवकर पोचले की त्यांच्या विमानाचं नाव बोर्डावर यायचं होतं.

खरी गंमत घड्याळाची. दुबई आपल्या दीड तास मागे. दहाला उडालेलं विमान तिथल्या पावणेबाराला उतरतं. घड्याळाने पावणेदोन तास! मामांच्या लेखी ही बदलापूर-सीएसएमटी स्लो झाली, तीही बसून. येताना बहुतेक महिने पश्चिमेचा वारा पाठीशी असतो, तेव्हा विमान पावणेतीन तासांतच येतं. घड्याळ मात्र सव्वाचार तास लावतं.

"म्हणजे लवकर येऊनही लेटमार्क," मामा म्हणाले. त्या दीड तासाचा राग त्यांनी महिनाभर जावयावर काढला.

परतीच्या दिवशी सकाळी मामीचा फोन खणखणला.

"अगं, पोचलो!"

"कुठवर आलात?"

"सहारला उतरलो."

"असं होय," मामी म्हणाली, "मग कुकर लावत नाही एवढ्यात."