गोधडीचा कारभार

फाल्गुनात सातपुड्याच्या उतारावर पळस फुलला की आमच्या नंदुरबारकडे रंग चुलीवर चढतो. पातेलं, फुलं, पाणी, मंद आच. आधी पिवळं पाणी सुटतं. चिमूटभर चुना पडला की तेच केशरी होतं. एवढं जमलं की माणसाला आपण रंगारी झाल्यासारखं वाटतं. मग त्या रंगात सुती कापड बुडवावं, वाळवावं आणि धुवावं. धुतलं की कळतं, रंग पाण्याबरोबर निघाला! होळीला हा गुणच, कारण तिथे रंग जायलाच हवा. गोधडीला मात्र तो टिकायला हवा. त्यासाठी कापड आधी हिरड्याच्या काढ्यातून काढायचं, मग तुरटीच्या पाण्यातून. खानदेशात रंगकाम पिढीजात करणाऱ्या भावसारांना हे सांगावं लागत नसे. गल्लीतल्या काकू मला एका दमात सांगतात, "पहिले तुरटी टाक भो, कसाले घाई करस?"

खरी अडचण रंगाची नाहीच, कापडाची आहे. सुती लुगडी गेली, पॉलिस्टरच्या साड्या आल्या. त्यांना पळस चढत नाही, आणि घाम तर त्या मुळीच टिपत नाहीत. उरलेल्या सुती साड्यांवर भांडेवालीचा डोळा असतो. ती दारात बसून स्टीलची परात अशी काही वाजवते की दहा वर्षं जपलेली साडी आपसूक खाली येते. कित्येक गोधड्या अशा जन्मायच्या आधीच परात होऊन फळीवर गेल्या.

तरीही दुपारी एखाद्या ओसरीवर गोधडी घातली जाते. आत धोतराचे थर, वर लुगड्याचे तुकडे, आणि कोणाचं लुगडं वर दिसणार यावर जावाजावांत बारीक कुरबूर. मोठी सुई, जाड दोरा, कडेकडेने धावदोरा. एकेक फेरा आत सरकत मध्याशी येतो. मध्यावर पोचेपर्यंत कुरबुरीही मिटतात, बहुधा दोरा संपतो म्हणून.

हल्ली पुण्या-मुंबईच्या प्रदर्शनांत गोधडी भिंतीवर टांगलेली दिसते. एका बाईंनी तिथे चौकशी केली, "हीच डिझाइन आणखी दोन मिळतील?" मी हे काकूंना सांगितलं. त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "मिळतील की. पण दोन घरांतल्या सासवांची लुगडी एकाच जागी फाटायला हवीत ना!"