पूर्णा जंक्शन आणि ६४ जीबी

परभणीहून पूर्णेला जायचं तर शहाणी माणसं रेल्वेने जातात. पिंगळी, मिरखेल, पूर्णा. हातातल्या शेंगा संपायच्या आत माणूस पोचतो. पण दाजींनी कारमध्ये नवा स्टिरिओ बसवला होता आणि नेमकं पूर्णेतच लग्न निघालं होतं. नवा स्टिरिओ घेतलेल्या माणसाला रेल्वे दिसत नाही.

लग्नाला आहेर काय न्यायचा हे निघायच्या दिवशी ठरलं. गाण्यांची तयारी मात्र आठवडाभर आधीपासून सुरू होती. ६४ जीबीचा कोरा पेन ड्राइव्ह आला. भाचा इंजिनिअरिंगला, म्हणून हिशेब त्याच्याकडे. साध्या एमपीथ्री गाण्याचं एक मिनिट म्हणजे अंदाजे एक एमबी. त्या मापाने ६४ जीबीत दीड महिना अहोरात्र वाजेल एवढा ऐवज मावतो. अखंड हरिनाम सप्ताहसुद्धा काल्याच्या कीर्तनासकट सात-आठ दिवसांत उरकतो, आणि आम्हाला जायचं होतं पूर्णेला! तरीही जागेवरून वाद झाले. आत्याला प्रल्हाद शिंदे हवे होते, ताईला अजित कडकडे. भाच्याने ज्यांची नावं सांगितली ते गायक आहेत की औषधं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. दाजींनी सुलोचना चव्हाणांच्या लावण्या सांगितल्या आणि भाच्याला बाजूला घेऊन सूचना दिली, ‘फोल्डरला नाव मात्र भक्तिगीतं दे.’

निघताना दाजींनी पेन ड्राइव्ह लावला. बसेना. उलटा करून लावला. बसेना. पुन्हा पहिल्यासारखा धरला, तर मुकाट्याने बसला. भाचा म्हणाला, हे जगात सगळ्यांचंच होतं. यूएसबीचं पहिलं प्रमाण आलं १९९६ साली. ते घडवणाऱ्यांत इंटेल कंपनीतले अजय भट्ट होते, मूळचे बडोद्याचे. दोन्हीकडून बसणारी पिन करायची तर तारा आणि सर्किट वाढून खर्च दुप्पट झाला असता, म्हणून एकाच बाजूची ठेवली, असं त्यांनी पुढे सांगितलंय.

‘मग ते वाचलेले पैसे कुणाला मिळाले?’ आत्याने विचारलं. इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात याचं उत्तर नसावं.

पेन ड्राइव्ह बसला, पण गाणं लागेना. पडद्यावर इंग्रजीत ‘फाइल नाही’ अशा अर्थाचं काहीतरी यायचं आणि जायचं. दाजींनी पिनेवर फुंकर मारली. मग सदऱ्याला पुसली. मग डॅशबोर्डवर थाप मारली. स्टिरिओ हलला नाही, वर चिकटवलेला गणपती तेवढा वाकडा झाला.

‘नारळ फोडला होता का?’ आत्या.

‘गाडी घेतली तेव्हाच फोडलाय.’

‘तो गाडीला. ह्याला कुठं फोडलाय?’

कारमधलं गाणं कानांसाठी असतं हा माझा समज त्या रस्त्यावर गेला. ते तोंडांसाठी असतं. गाणं चालू असलं की माणसं गप्प बसतात. ते नसल्यामुळे परभणी मागे पडते न पडते तोच ताईने आपल्या लग्नातल्या मानपानाचा विषय काढला. दाजींच्या मावशीला नेसवलेल्या लुगड्याचा काठ, जेवणावळीत कमी पडलेलं वरण, रुसून बसलेले कुणी काका, सगळं वाजायला लागलं. याला पुढचं गाणं लावायचं बटण नव्हतं आणि आवाज कमी करायचंही नव्हतं. झिरो फाट्याला आम्ही चहाला उतरलो ते तहानेने नव्हे.

चहा पिता पिता भाच्याला रोग सापडला. पेन ड्राइव्हच्या आत माल मांडायच्या वेगवेगळ्या पद्धती असतात. आमचा ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीचा, आणि स्टिरिओ फक्त फॅट थर्टीटू वाचणारा. बरेच स्टिरिओ तसेच असतात. दाजी म्हणाले, ‘म्हणजे गाणी हायेत?’ ‘आहेत.’ ‘स्टिरिओ चांगला हाये?’ ‘आहे.’ ‘मग अडलंय कुठं?’ भाच्याने फॅट थर्टीटू पहिल्यापासून समजावून सांगितलं. चहावाल्याला कळलं, दाजींना नाही.

ते कळलं पूर्णेत, अक्षता पडल्यावर, आणि तेही नानांमुळे. नाना म्हणजे मुलीचे चुलते. सगळी नोकरी पूर्णेच्या यार्डात गेलेली. पूर्णेत दर दोन माणसांत एक रेल्वेचा असतो आणि दुसरा त्याचा मेहुणा. बुंदीचा द्रोण हातात धरून नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘अहो, गेजचा घोळ हे हा!’

मग सुरू झाला पूर्णा जंक्शनचा इतिहास. इथे परभणी, नांदेड आणि अकोला अशा तीन दिशा मिळतात. पूर्वी सगळीकडे मीटरगेज, एक मीटरचा रूळ. नव्वदच्या दशकात परभणी-नांदेडची लाइन ब्रॉडगेज झाली, पाच फूट सहा इंचांची; हिंगोली-अकोल्याची मात्र लहानच राहिली. हे असं बरीच वर्षं चाललं. ‘हिंगोलीचा माणूस नांदेडहून यायचा, इथं उतरायचा आन् गठुडं घेऊन तिकडच्या गाडीकडं पळायचा. हीबी गाडी चांगली, तीबी गाडी चांगली. पण हिची चाकं तिच्या रुळावर बसतेत का?’

दाजींच्या चेहऱ्यावर प्रथमच उजेड पडला. ‘मग करायचं काय?’

‘आम्ही काय केलं? गाड्या बंद केल्या, जुना रूळ उखडला, नवा टाकला आन् मग गाड्या सोडल्या. तुम्ही आधी माल उतरवा, रूळ बदला, परत भरा. आम्हाला वर्षं लागली, तुमचं पाच मिन्टात होतंय. स्टेशनरोडला पोरगं बसतंय एक.’

फॉरमॅटिंगची इतकी सरळ व्याख्या कॉलेजात ऐकली नव्हती, असं भाचा नंतर म्हणाला.

पोराचं दुकान टेबलाएवढं. वर मोबाइलची कव्हरं लटकलेली, खाली हाताने लिहिलेली पाटी: ‘गाणे भरून मिळतील’. भाच्याने आपलं ज्ञान पाजळलं, की ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला विंडोजची नेहमीची खिडकी फॅट थर्टीटू देतच नाही. पोराने मान हलवली आणि दुसरंच सॉफ्टवेअर उघडून ते करून टाकलं. आमची आठवड्याची कमाई पुसली गेली. भाच्याची प्रत घरच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे परभणीला.

‘टेन्शन नका घेऊ, मी भरून देतो. कोणतं गाणं पाहिजे?’ असं तो म्हणेल वाटलं होतं. त्याने विचारलं, ‘गाडी कोणती? आत कोण कोण बसतंय?’

त्याच्या पडद्यावर गायकांच्या नावाचं एकही फोल्डर नव्हतं. ‘हळद’, ‘वरात’, ‘ऊस’, ‘ट्रॅक्टर’, ‘१४ एप्रिल’, ‘पंढरपूर’, ‘म्हातारे’ अशी फोल्डरं होती. ट्रॅक्टरचं वेगळं कशाला? ‘इंजिनच्या आवाजात बारीक गाणं ऐकू येत नाही, काका. तिथं ढोलच लागतोय.’ १४ एप्रिलमध्ये वामनदादा कर्डकांची गाणी होती. त्यांना वर्षभर गिऱ्हाईक असतं, म्हणाला. दाजींनी हळूच भक्तिगीतांची चौकशी केली. पोराने एकवार दाजींकडे पाहिलं, एकवार ताईकडे, आणि काही न बोलता ‘लावणी’ उघडलं. असे पुष्कळ भक्त त्याच्याकडे येत असावेत.

त्याची अक्कल पुढेच होती. प्रत्येक गाण्याच्या नावाआधी त्याने ०१, ०२ असे आकडे घातले. नुसते १, २ घातले तर यंत्र एकच्या पाठोपाठ दहा, अकरा घेतं आणि दोन नंबर मागे राहतो. नावं इंग्रजी अक्षरांत ठेवली. मराठीत ठेवली तर पडद्यावर नुसत्या चौकटी उमटतात. आणि सगळ्यांत आधी गणपतीचं गाणं टाकलं. ‘पन्नास द्या,’ म्हणाला. आत्याने चाळीस दिले.

परतीच्या वाटेवर ड्राइव्ह खणखणीत वाजला. आधी गणपती, मग विठ्ठल, मग भीमगीत, मग कुणाच्या तरी वरातीतलं धडाड्धूम, आणि त्याच्या मधोमध स्वतःच्या डीजेचं नाव ओरडून सांगणारा एक गडी. आत्या दचकून म्हणाली, ‘कोणतं स्टेशन म्हणाला तो?’ प्रत्येकाच्या आवडीचं एखादं गाणं येई, आणि ते येईपर्यंत इतरांची ऐकावी लागत. गाणी मोबाइलवर असती तर पाच जणांनी पाच इयरफोन लावले असते. इथे दाजींना भीमगीताचा ठेका आवडला, तर भाचा विठ्ठलाच्या गाण्याला ‘कोण गातंय हे?’ म्हणाला. सहाव्या नंबरला लावणी लागली तेव्हा ताई एवढंच म्हणाली, ‘आवाज वाढवा की.’ मानपानाचा विषय झिरो फाट्यावरच राहिला.

पोराने गणपती पहिला का टाकला ते परभणीत कळलं. दाजींच्या स्टिरिओला आठवण नाही. गाडी बंद करून चालू केली की कुठवर आलो होतो ते तो विसरतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्यामुळे दुकान असो, बँक असो की दवाखाना, दाजींची प्रत्येक फेरी गणपतीने सुरू होते आणि फार तर विठ्ठलापाशी संपते. गल्लीत त्यांची धार्मिक माणूस म्हणून ख्याती पसरली आहे.

लावणी सहावी. तिथवर पोचायचं तर गाडी पंचवीस मिनिटं सलग चालायला हवी, आणि परभणीची भाजीमंडई आहे दहा मिनिटांवर. परवा ताईने वांगी आणायला सांगितली, तर दाजी किल्ली घेऊन म्हणाले, ‘पूर्णेकडची वांगी चांगली असतात म्हणं.’ ताई आधीच गाडीत जाऊन बसली होती.