प्रकल्प आईचा, गुण मुलाचे

सहावीतल्या मुलाच्या वहीत शनिवारी सूचना येते : ‘पाण्याचे स्रोत’ या विषयावर प्रकल्प, सोमवारी आणावा. रविवारी संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात पालकांची रांग लागते. तिथे छापील चित्रांचे तक्ते मिळतात. फळे, वाहने, समाजसुधारक आणि अर्थातच पाण्याचे स्रोत. आई चित्रं कापते, बाबा मोबाइलवरून माहिती उतरवून देतात, ताई स्केचपेनने किनार काढते. मुलगा तोवर झोपलेला असतो. सोमवारी फाइल जमा होते, बाईंची सही होते, दहापैकी नऊ गुण पडतात. ज्या घरात आई रात्री उशिरा कामावरून येते, तिथल्या मुलाच्या वाट्याला पाच. हे गुण आपण घराच्या ऐपतीला देतो. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असं वाटत नाही.

महाराष्ट्रात २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांच्या यादीत प्रकल्पही बसला. हेतू चांगला होता. मुलाने वर्षभर काय केलं ते पाहायचं, एका पेपरावर त्याला तोलायचं नाही. पण शाळांनी प्रकल्पाचा रकाना ठेवला आणि प्रकल्प करण्याचा वेळ घरी पाठवून दिला.

आता २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर प्रशिक्षणांमध्ये शब्दांचा पाऊस आहे. समस्याधारित, प्रकल्पाधारित, अनुभवाधारित. शिक्षक दिवसभर स्लाइड बघतात आणि संध्याकाळी फोटो अपलोड करतात. या पद्धतींमधला फरक खरा आहे, आणि सांगायला बसलं तर दहा मिनिटांत सांगून होतो.

कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मॅकमास्टर विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली सुरू झालं. तिथे त्यांनी शिकवण्याचा क्रम उलटा केला. आधी रुग्ण, मग पुस्तक. चार-सहा विद्यार्थ्यांसमोर एक केस ठेवायची : या बाईंना धाप लागते, पाय सुजलेत. आपल्याला काय माहीत आहे, काय माहीत नाही, ते गटाने ठरवायचं, प्रत्येकाने वाचून यायचं, पुन्हा बसायचं. गटासोबत एक शिक्षक कायम. तो उत्तर सांगत नाही, पण चर्चा भरकटू देत नाही. ही समस्याधारित पद्धत. शेवटी हाती येतं ते उत्तर, आणि उत्तरापर्यंत कसं पोचलो याची समज.

प्रकल्पाच्या शेवटी काहीतरी उभं राहतं. अमेरिकेत विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ साली ‘प्रकल्प पद्धती’ याच नावाचा निबंध लिहिला. मुलाने मनापासून ठरवलेलं, हेतू असलेलं काम हा शिक्षणाचा गाभा, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली, ती याहून पुढे गेली. हाताचं काम हेच शिकण्याचं माध्यम, आणि त्या कामातून निघालेल्या वस्तूला बाजारात किंमत मिळाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

मग बरं कोणतं? आठवी-नववीच्या विज्ञानाला आणि नागरिकशास्त्राला मी समस्या निवडेन. गावातला हातपंप मार्चमध्येच का आटतो, हा प्रश्न महिनाभर पुरतो. त्यात भूगोल आहे, गणित आहे आणि ग्रामपंचायतही आहे. लहान वर्गांना मात्र हाताला काम द्यावं.

पण मोकळं सोडलं की मूल आपोआप शिकतं, हा भाबडेपणा झाला. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन अभ्यासकांनी २००६ साली या भाबडेपणावर कडक टीका केली. नवशिक्याला नुसतं सोडून दिलं तर त्याची सगळी ताकद चाचपडण्यात जाते, शिकणं राहून जातं, असा त्यांचा मुद्दा. पुढच्याच वर्षी दुसऱ्या अभ्यासकांनी उत्तर दिलं : चांगल्या समस्याधारित वर्गात शिक्षक भरपूर आधार देतो, तो तुम्ही धरलाच नाही. मला हे भांडण एकाच जागी येऊन मिटताना दिसतं. काम चालू असताना शिक्षक कुठे आहे? आपल्या ‘पाण्याच्या स्रोतां’च्या वेळी तो तिथे नसतोच.

हे खर्चिक आहे, परदेशी आहे, आपल्या सरकारी शाळांत जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी शेजारच्या मध्य प्रदेशाकडे बघावं. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. मुलं टोळ्या करून प्रयोग करायची. ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकात प्रश्न होते, आयती उत्तरं नव्हती. शिक्षकांचं प्रशिक्षण व्हायचं, त्यांच्या मासिक बैठका व्हायच्या. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे परीक्षाही बदलली. लेखी पेपर पुस्तक उघडं ठेवून, शिवाय प्रात्यक्षिक. कार्यक्रम पुढे अनेक जिल्ह्यांत पसरला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला, ही आपल्या शिक्षणातली मोठी हानी आहे.

आणि पाबळ तर आपल्याच पुणे जिल्ह्यात. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला आणि त्यातून शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. लोक त्याला ‘आयबीटी’ म्हणतात. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुलांनी वस्तू करायची आणि तिची कॉस्टिंगही काढायची. समजा, शाळेला लोखंडी फाटक हवं आहे. अँगल किती फूट, किलोचा भाव काय, वेल्डिंग रॉड किती गेले, वीज किती, मजुरी किती. माप अर्ध्या इंचाने चुकलं तर कडी बसत नाही, आणि ते चार्ट पेपरवर झाकता येत नाही. मुलगी पुन्हा टेप घेते, पुन्हा मोजते. निदेशक शेजारी उभा असतो, कारण वेल्डिंगची ठिणगी डोळ्यात गेली तर खेळ नाही. भूमितीतला काटकोन त्या दिवशी तिला गुण्या लावून तपासावा लागतो.

शिक्षकांना दोष देऊन मी सुटणार नाही. दोन-दोन वर्ग एका बाईंच्या गळ्यात, त्यात निवडणुका, जनगणना, पोषण आहाराची नोंद, रोजची ऑनलाइन माहिती. अशा बाईंनी प्रकल्प घरी पाठवला तर त्यांना तरी काय म्हणायचं? म्हणून मागणी मुख्याध्यापकांकडे आणि शिक्षण खात्याकडे करायला हवी. वर्षाला विषयागणिक फायली नकोत, दोन प्रकल्प पुरेत. ते शाळेत, शाळेच्या वेळात, शिक्षकासमोर झाले पाहिजेत. आयबीटीच्या शाळा त्यासाठी आठवड्यातला एक दिवस राखतात. तुमच्या मुलांच्या वेळापत्रकात तो दिवस कुठे आहे, हे येत्या पालकसभेत उभं राहून विचारा, आणि उत्तर लेखी मागा.