नात्यातलं इंजिन

"वहिनी, ऐकलंत का? आमच्या अँबेसिडरच्या भावानं ताशी ३९५ किलोमीटर मारलेत. आणि तेही मिठावर!"

नानांचा आवाज कुंपणापलीकडच्या शेडमधून आला. उद्यमनगरातलं गॅरेज मुलाच्या हवाली करून नाना निवृत्त झाले, पण पांढरी अँबेसिडर काही त्यांना निवृत्त होऊ देत नाही. आमच्या गल्लीत माणसांच्या सोयरिकी माई सांगतात आणि इंजिनांच्या नाना. मसाला दोघांच्याही बोलण्यात असतो. नानांचे आकडे मात्र सहसा खरे निघतात.

"कधी मारले?" मी ओली गोधडी कुंपणावर टाकत विचारलं.

"१९५७ साली. ऑगस्टची २३ तारीख."

"एवढी शिळी बातमी?" माई मागच्या पायरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. "मला वाटलं, आज सकाळी मारले."

"शिळी असली तरी घरातली आहे. अमेरिकेत युटा राज्यात बॉनव्हिल म्हणून मिठाचं मैदान आहे. जुनं तळं आटलं आणि मीठ राहिलं, मैलोन् मैल सपाट. तिथं एमजी कंपनीनं ईएक्स १८१ नावाची गाडी नेली. चालवायला स्टर्लिंग मॉस. इंजिन किती? १४८९ सीसी. आमचं किती? १४८९ सीसी. बोअर तोच, स्ट्रोक तोच. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची बी-सीरिज. एक भाऊ कलकत्त्याजवळ हिंदमोटरला आला आणि जन्मभर साहेब अन् सवाऱ्या वाहत बसला. दुसरा मिठावर गेला."

"म्हणजे दोघं सारखेच?"

"पोट सारखं, डोकं वेगळं. आमच्या इंजिनात एकच कॅम, तोही खाली ब्लॉकमध्ये. तिथनं पुशरॉड, रॉकर, मग कुठं व्हॉल्व्ह उघडायचा. त्याच्या हेडवर दोन कॅम, व्हॉल्व्हच्या थेट उरावर. शिवाय शोरॉकचा सुपरचार्जर. इंजिन हवा ओढेल याची वाट बघायची नाही, कोंबायची. आमची ताकद ५०-५५ अश्वशक्ती. त्याची ७३०० फेऱ्यांना २९०."

मॉसची गोष्ट तर माईंनाही आवडली. हा गडी आदल्याच रविवारी, म्हणजे १८ ऑगस्टला, इटलीत पेस्काराची ग्राँप्री जिंकतो आणि शुक्रवारी युटात मिठावर हजर. मैदान पावसानं ओलं झालेलं, म्हणून मंडळी खोळंबली होती. जरा वाळल्यावर त्यानं एक नाही, पाच आंतरराष्ट्रीय विक्रम खिशात घातले.

"मग तुमच्या गाडीलाही बसवा की ती कोंबणी," माई म्हणाल्या.

"बसवली, आणि क्रँक तुटला नाही असं धरून चालू. तरी वेग किती वाढेल, सांगा?" नानांनी पाना खाली ठेवला. हिशेब सुरू होणार याची ती खूण. "वाऱ्याला बाजूला सारायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. वेग दुप्पट हवा तर ताकद आठपट. २९० म्हणजे आमच्या साधारण साडेपाचपट. त्याचं घनमूळ पावणेदोनच्या आसपास. आमची बाई जिवावर उदार झाली तर १२० ला जाते. पावणेदोनपट केले की २१०. मग ३९५ कुठनं आले?"

मी अँबेसिडरच्या गोल बॉनेटकडे, उभ्या काचेकडे आणि टपाकडे पाहिलं. उत्तर समोरच होतं.

"अंगकाठी!" नाना म्हणाले. "ती गाडी उंचीला मीटरभरसुद्धा नव्हती. पुढं गोल, मागं निमुळती. मॉस नाकात जवळजवळ आडवा पडलेला, इंजिन त्याच्या पाठीमागं, ब्रेक फक्त मागच्या बाजूला. आणि हे कुणी आखलं? सिड एनेव्हरनं. मॉरिस गॅरेजेसमध्ये पोऱ्या म्हणून लागला होता. सांगकाम्या! तिथनं चढत चढत एमजीच्या गाड्या आखण्यापर्यंत गेला."

इथे माझं मत घालते. आमच्या गल्लीत बुलेटचा सायलेन्सर काढला की इंजिन ट्यून झालं, असं मानणारी दोन-तीन पोरं आहेत. त्यांना नानांपुढे बसवून हा घनमुळाचा हिशेब एकदा करायला लावला पाहिजे.

"बरं, इंजिनाचं म्हणाल तर खरी गंमत हवेत आहे," नाना पुढे सुरूच. "बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे १२८५ मीटर उंच. महाबळेश्वराहून थोडंच खाली. वहिनी, पूर्वी पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पुढं गेलो की गाडी काळा धूर सोडायची, आठवतं?"

"आठवतं. तुम्ही पेट्रोलवाल्याला शिव्या द्यायचात."

"त्याचा दोष नव्हता. वर हवा विरळ, आणि कार्ब्युरेटर पेट्रोल सोडणार खालच्याच हिशेबानं. मग मिश्रण जाड होणार. मिठावर तेच, वर ऑगस्टचं ऊन. म्हणून तिथली मंडळी सकाळी उठली की आधी हवेचा दाब, तापमान, दमटपणा बघतात आणि मग कार्ब्युरेटरचा जेट ठरवतात. पहाटेचा जेट दुपारी चालेलच असं नाही. बिनसुपरचार्जरच्या छोट्या इंजिनाचं तर फार मरण; ७५० सीसीतनं आठवा हिस्सा हवा गेली तर उरलं काय?"

मग इंधन. नाना मिथेनॉलचं नाव काढतात तेव्हा माई दार लावून घेतात, कारण एकदा त्यांनी 'दारूच ती' असं म्हटलं आणि शेजारच्या आजोबांनी चौकशी केली होती. दारू नव्हे, जहर आहे ते, प्यायलं तर डोळे जातील. इंजिनाला मात्र मानवतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साडेचौदा-पंधरा किलो हवा लागते, मिथेनॉलला साडेसहाच्या आत. म्हणजे त्याच हवेत दुपटीहून जास्त मिथेनॉल घालावं लागतं, आणि ते वाफ होताना भरपूर उष्णता शोषून घेतं. सुपरचार्जरनं दाबून तापवलेली हवा अशी आतल्या आत थंड होते. नाहीतर मिश्रण ठिणगीच्या आधीच भडकतं आणि पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं.

"पण प्लग?" मी विचारलं. इतक्या वर्षांच्या शेजारानं मलाही थोडं येतं.

नाना खूश झाले. "पेट्रोलवर असताना पूर्ण थ्रॉटलवर पळवायची, तसंच इग्निशन बंद करून क्लच दाबायचा, गाडी आपोआप थांबू द्यायची आणि तिथंच प्लग काढून बघायचा. पांढराफट म्हणजे मिश्रण पातळ, काळा म्हणजे जाड, बदामी म्हणजे बरं. चालवत परत आणली की खोटं बोलतो प्लग. मिथेनॉलवर तर रंगही धड धरत नाही, तिथं नजर मुरलेली लागते. आणि वहिनी, रस्त्यावरच्या गाडीला दहा सेकंद पूर्ण थ्रॉटल मिळाला तर खूप. मिठावर मिनिट-दीड मिनिट पाय उचलायचा नाही. पिस्टन फुगतो, रिंग फुगते. रिंगेच्या टोकांमधली फट नेहमीची ठेवली तर टोकं एकमेकांना भिडतात आणि सिलेंडर खरवडून निघतो. म्हणून फट मोठी ठेवायची. गिअर असा निवडायचा की शेवटच्या मैलात इंजिन बरोबर आपल्या जोराच्या फेऱ्यांवर असलं पाहिजे. त्यामुळं पहिला गिअरसुद्धा लांबलचक, गाडी जागची हलत नाही. मागनं ट्रकनं ढकलून सुरू करतात कितीतरी जण."

"शर्यतीच्या गाडीला धक्का?" माईंना हे फार आवडलं.

"आणि वर शिशाचं वजन! मिठावर पकड कमी, चाक जागच्या जागी फिरतं, म्हणून मुद्दाम गाडी जड करतात."

घराण्यात सगळेच नाव काढतात असं नाही, हेही नानांनी लपवलं नाही. त्याच दोन कॅमच्या हेडचं इंजिन १५८८ सीसीचं करून एमजीनं १९५८ मध्ये रस्त्यावरच्या एमजीए गाडीत घातलं. कॉम्प्रेशन तगडं, पेट्रोल पंपावर मिळेल ते. पिस्टन जळाल्याच्या तक्रारी सुरू झाल्या आणि २१११ गाड्यांनंतर १९६० मध्ये कंपनीनं ते बंद केलं. मिठावरचा विक्रमवीर बाजारात नापास.

"पण १९५९ ची गोष्ट ऐका, ती खरी चहाडी आहे." नाना कुंपणाजवळ आले. "तीच ईएक्स १८१ पुन्हा बॉनव्हिलला. या वेळी फिल हिल, जो पुढं १९६१ मध्ये जगज्जेता झाला. वेग ताशी ४१० किलोमीटर. विक्रम कुठल्या वर्गात? दोन लिटरच्या! इंजिन मात्र दीड लिटरचंच. कसं जमवलं? बोअर मारला. १४८९ चे १५०६ सीसी केले. १७ सीसी! सिलेंडरच्या व्यासात अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. वर्ग १५०० ला संपतो, सहा सीसी वर गेलं की पुढच्या वर्गात."

"ही तर पळवाट," मी म्हणाले.

"नियमात बसते ती पळवाट कशी? आपल्यापेक्षा थोरल्या इंजिनांच्या वर्गात जाऊन जिंकलं, त्यात कमी काय आहे?"

यावर आमचं एकमत झालं नाही. मला अजूनही वाटतं, थोरल्यांच्या पंगतीत बसायचं तर भूक तरी थोरली हवी. पण पुढची गोष्ट ऐकल्यावर माझा आवाज जरा खाली आला, कारण ही युक्ती नवी नव्हती आणि पहिल्यांदा करणारा माणूस काठी टेकत चालत होता.

गोल्डी गार्डनर. तरुणपणी ब्रह्मदेशात नोकरी केलेला, पहिल्या महायुद्धात पायाला जबर दुखापत झालेला इंग्रज अधिकारी. १९३२ मध्ये अल्स्टरच्या शर्यतीत अपघात झाला आणि पुन्हा तोच पाय. एखाद्यानं घरी बसून आठवणी सांगितल्या असत्या. यानं एमजीची ईएक्स १३५ घेतली. सहा सिलेंडर, १०८७ सीसी, वर सुपरचार्जर, अंगाला रीड रेल्टननं आखलेला सुळसुळीत पत्रा. ३१ मे १९३९ रोजी जर्मनीत देसाऊच्या ऑटोबानवर ११०० सीसीच्या वर्गात त्यानं ताशी ३२७ किलोमीटर गाठले. तो रस्ताच विक्रमांसाठी केलेला, मधला दुभाजकसुद्धा नाही.

"आणि मग," नाना म्हणाले, "कुणी असतं तर पेढे वाटले असते. यांनी बोअरिंगचं हत्यार काढलं. तिथल्या तिथं सहाही सिलेंडर अर्धा मिलिमीटरनं वाढवले. ५७ चा बोअर साडेसत्तावन्न. झाले ११०६ सीसी. दोन दिवसांनी, २ जूनला, त्याच रस्त्यावर १५०० च्या वर्गाचाही विक्रम, ३२८ किलोमीटर. वहिनी, मी आयुष्यभर बोअर मारले. शेडमध्ये, लेथ हाताशी असताना, दोन दिवस मला पुरले नसते. आणि हे परदेशात! तीन महिन्यांनी इंग्लंड आणि जर्मनीत युद्ध पेटलं."

युद्धानंतर तर उलटाच कारभार. आता इंजिन वाढवायचं नाही, घटवायचं. बेल्जियममधल्या याब्बेकेच्या रस्त्यावर १९४६ मध्ये ७५० सीसीचा विक्रम झाला. मग ५०० चा वर्ग. तेवढं लहान इंजिन नवं कोण करणार? सहापैकी काही सिलेंडरच बंद करा! १९४९ मध्ये तीन सिलेंडरांवर गाडी २४८ किलोमीटरनं गेली. १९५० मध्ये ३५० सीसीच्या वर्गासाठी फक्त दोन चालू ठेवले, तरी १९५ च्या जवळ.

"सहातले चार बंद?" माईंचा लसूण हातात राहिला. "आणि गाडी थरथरली नाही?"

"त्यासाठीच तर सिड एनेव्हर होता. हाच तो, पोऱ्या म्हणून लागलेला. क्रँकचा तोल, स्फोटांचा क्रम, सगळं नव्यानं बसवायचं. ताकद वाढवणारे गल्लोगल्ली मिळतात, वहिनी. घटवून पळवणारा एखादाच."

मुळात हे छोट्या इंजिनांचं वेड सुरू झालं तेही भाऊबंदकीतूनच. १९३१ च्या फेब्रुवारीत माल्कम कॅम्बेल फ्लोरिडात डेटोनाला स्वतःचा मोठा ब्लूबर्ड घेऊन गेला होता. जाताना ७५० सीसीची छोटी ऑस्टिनही नेली. तिच्यावर ताशी ९४ मैल झाले. शंभरी कोण आधी गाठणार यावर ऑस्टिन आणि एमजीची चुरस. दहा-बारा दिवसांत पॅरिसजवळच्या माँटलेरीच्या धावपट्टीवर जॉर्ज आयस्टननं एमजीवर १०३ मैल करून टाकले. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यानं तासाभरात १०० मैलांहून जास्त अंतर कापलं आणि लगेच इंजिननं पेट घेतला. सोबतचे धावत गेले तर गाडी जळतेय आणि आत माणूसच नाही! आयस्टन केव्हाच बाहेर पडला होता, आणि धावपट्टीवर चाचणीला आलेल्या दुसऱ्या गाडीवाल्यानं त्याला उचलून दवाखान्यात नेलं होतं. इकडे मित्र राखेत शोधत बसले.

"हे आधी सांगायचं होतं," माई म्हणाल्या. "ते बोअर-बिअर नंतर."

बॉनव्हिलला अजून ऑगस्टमध्ये स्पीड वीक भरतो; १९४९ पासूनची प्रथा. अर्ध्या लिटरपासून वर्ग आहेत, आणि जुन्या इंग्रजी इंजिनांची डोकी घासत, जेट बदलत बसणारे लोक तिथं दर वर्षी जातात. एकदा वेग काढून भागत नाही, दुसरी फेरी द्यावी लागते आणि दोन्हींची सरासरी धरतात. पहिल्या फेरीत इंजिन पणाला लावून फोडणाऱ्याचं नाव कुठंच लागत नाही.

"वहिनी, तुमची लेक कॉव्हेंट्रीला ना?" नानांनी जाता जाता विचारलं. "गेडन तिथून फार लांब नाही. ब्रिटिश मोटर म्युझियम आहे, ईएक्स १३५ आणि ईएक्स १८१ दोन्ही त्यांच्या संग्रहातल्या. बाळंतपणाला जाल तेव्हा जावयाला म्हणावं, एक दिवस काढ. फक्त आधी फोन करून विचारा; जुन्या गाड्या कधी कधी दुसरीकडं प्रदर्शनाला गेलेल्या असतात."