पाहुणा आधी, दार मागाहून

मुंबईकराचं असं आहे की ज्या चर्चगेटला गेट नाही तिथे तो रोज जातो आणि जिथे खरोखर गेट आहे तिथे गावाकडून पाहुणे आले तरच. यंदा आले ते आमचे साडू, अण्णा. सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त. जालन्याहून निघतानाच त्यांनी फोनवर बजावलं होतं, "मॉल-बिल नको. गेटवे दाखवा, आणि घारापुरी." आले रविवारी, दाखवायला नेलं सोमवारी. सोमवारी लेणी बंद असतात हे कुलाब्यातल्या कबुतरालाही माहीत असतं. आम्हाला ते बोटीच्या तिकिटाच्या रांगेत कळलं. सगळा दिवस मोकळा झाला आणि अण्णा गेटवेच्या तपासणीला लागले.

तपासणी हाच शब्द योग्य. इतर लोक कमानीकडे पाठ करून फोटो काढतात. अण्णांनी चष्मा पुसला, मान वर केली आणि विचारलं, "काम कोणाचं?"

मी पाठ करून आलो होतो. जॉर्ज विटेट, मुंबई सरकारचे सल्लागार वास्तुशिल्पी. खरोडीचा पिवळसर बेसॉल्ट, जाळ्या ग्वाल्हेरच्या, उंची 26 मीटर, शैली सोळाव्या शतकातल्या गुजराती वास्तूंवरून घेतलेली. अण्णांना शैलीत रस नव्हता. "ते राहू द्या. फाईल कशी फिरली ते सांगा."

फाईल अशी फिरली. 2 डिसेंबर 1911 रोजी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले. त्यांच्या स्वागतासाठी हे दार बांधलं, असं शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात राजा आला तेव्हा दार नव्हतंच. तिथे पुठ्ठ्याची तात्पुरती कमान उभी केली होती. अण्णांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू उमटलं. मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी रात्रीत रंगवलेले दुभाजक आणि कुंड्यांसकट भाड्याने आणलेली झाडं त्यांनी हयातभर पाहिली आहेत.

"मग पायाभरणी?"

"31 मार्च 1913. गव्हर्नर सिडनहॅम क्लार्क यांच्या हस्ते."

"31 मार्च!" अण्णा इतक्या जोरात ओरडले की शेजारचा फोटोवाला दचकला. "अहो, म्हणजे तरतूद व्यपगत होऊ नये म्हणून उरकलेलं काम!" मी म्हटलं, तसा काही पुरावा नाही. ते म्हणाले, तारखेपेक्षा मोठा पुरावा कोणता? आमच्या खात्यात 31 मार्चला रात्री बारापर्यंत दिवे जळतात, ते काय दिवाळी म्हणून? पुढची गोष्ट ऐकून तर त्यांनी मला टाळीच दिली. पायाचा दगड बसला मार्च 1913 मध्ये, विटेट यांचा अंतिम आराखडा मंजूर झाला ऑगस्ट 1914 मध्ये. आधी भूमिपूजन, मग नकाशा. हे तंत्र आपल्या लोकशाहीने शोधलं असा अण्णांचा इतकी वर्षं समज होता. ते साहेबाच्या राज्यापासून चालत आलं आहे, हे कळल्यावर त्यांना आपल्या खात्याच्या घराण्याचा अभिमान वाटू लागला.

मग समुद्रात भराव, समुद्राची भिंत, मध्ये महायुद्ध. पाया पुरा व्हायला 1920 उजाडलं. 1921 च्या नोव्हेंबरात राजाचे चिरंजीव, प्रिन्स ऑफ वेल्स, मुंबईत उतरले, तेव्हाही काम चालूच. बाप आला तेव्हा पुठ्ठा, मुलगा आला तेव्हा परांची. शहरात त्या दिवशी बहिष्कार होता, पुढे दंगल उसळली. अपुऱ्या दाराकडे बघायला कोणाला सवड असणार? अखेर 4 डिसेंबर 1924 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी उद्घाटन केलं. ज्याच्या स्वागताचं हे स्मारक, तो राजा पुन्हा हिंदुस्थानात आलाच नाही.

"खर्च?"

"21 लाख. बराचसा हिंदुस्थान सरकारचा."

"केंद्राचा निधी," अण्णांनी मान डोलावली. "आणि जोडरस्ता?"

एवढ्या मोठ्या कमानीसमोर सरळ, रुंद रस्ता हवा, तो नकाशातही होता. पण पैसे संपले आणि रस्ता राहिला. म्हणून आजही गेटवे समोरच्या रस्त्याला तिरका उभा आहे, फोटोसाठी "जरा इकडे वळून" म्हटल्यासारखा. अण्णांनी कमरेवर हात ठेवून तो कोन दोनदा पाहिला. "पूल तयार, जोडरस्ता नाही. माझ्या कारकिर्दीत असे तीन आहेत," ते म्हणाले, आणि सुरात खंत अजिबात नव्हती.

दाराचा खरा उपयोग पुढे झाला. 28 फेब्रुवारी 1948 रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची तुकडी, ब्रिटिश फौजेची शेवटची, याच कमानीतून चालत बोटीत बसली. आत यायला बांधलेलं दार बाहेर जायला कामी आलं. 21 लाखांची याहून चांगली वसुली कोणत्याही सरकारी कामातून झाली नसेल. त्यानंतर 26 जानेवारी 1961 रोजी समोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला आणि परिसराचा मालक कोण, हा प्रश्न निकालात निघाला.

आता दारापर्यंत जायला दुसरं दार लागतं, धातुशोधक यंत्राचं. बाँबस्फोट झाले, 26/11 झालं, बंदोबस्ताला कोण नाव ठेवणार? पण अण्णांच्या खिशातला स्टीलचा मोजपट्टीचा डबा वाजला आणि हवालदारसाहेबांनी विचारलं, "हे कशाला?" अण्णा म्हणाले, "सवय." यापेक्षा प्रामाणिक उत्तर त्या यंत्राने त्या दिवशी ऐकलं नसावं. आत गेल्यावर गळ्यात कॅमेरा आणि पिशवीत छपाईचं यंत्र घेतलेला तरुण मागे लागला. "काका, ताजचा घुमट चिमटीत पकडायचा? लगेच प्रिंट." अण्णांनी नकार दिला, मग रेट विचारला, मग घासाघीस केली. फोटोत घुमट चिमटीच्या बोटभर बाजूला आला आहे. अण्णा म्हणाले, टॉलरन्समध्ये बसतंय.

2023 मध्ये गेटवेवर पृष्ठभागाला काही ठिकाणी भेगा दिसल्याचं केंद्र सरकारने लोकसभेत सांगितलं. राज्याने दुरुस्तीसाठी सुमारे 9 कोटी मंजूर केले. मूळ काम 21 लाखांत, डागडुजी 9 कोटींत! महागाईचा हिशेब मांडला तर यात वावगं काहीच नसेल, पण हिशेब मांडायला अण्णांचा जीव रमला नाही. मंजुरीचा आकडा ऐकून त्यांचे डोळे जे लकाकले, ते पाहून निवृत्तीचं वय अठ्ठावन्न ठेवणाऱ्यांची दूरदृष्टी मला पटली. पलीकडे रेडिओ क्लबजवळ नवी जेट्टी व्हायची आहे, रहिवासी त्याविरुद्ध कोर्टात गेले होते, हेही मी सांगितलं. "कोर्ट झालं का? मग काम नियमानुसार चाललंय."

निघताना ते पुन्हा त्या तिरक्या रस्त्यापाशी थांबले. मला म्हणाले, "राव, निधीअभावी थांबलं म्हणता. रद्द झाल्याचा आदेश आहे का कुठे?"

माझ्या वाचनात तसा आदेश नव्हता.

"मग काम प्रगतिपथावर आहे," अण्णा म्हणाले, आणि टॅक्सीला हात केला.