कॅलिपरकाका

न्यू जर्सीतल्या इतर मराठी घरांत शिरताना माणूस चपला काढतो. कॅलिपरकाकांकडे जाताना घड्याळ, अंगठी आणि जमलं तर चांगला सदराही काढून ठेवावा. कारण ते बोलावतात जेवायला आणि बसवतात ब्रेकवर.

काकांना नाव आहे. मराठी मंडळाच्या यादीत ते छापलेलंही आहे, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं ऐकिवात नाही. वयाने मोठे असलेले लोकसुद्धा त्यांना काकाच म्हणतात. उभी नोकरी एका कारखान्यात झडपांची ड्रॉइंग तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, शेअर बाजाराला लागतात, निदान नातवंडांच्या मागे तरी लागतात. काका कॉर्व्हेट गाडीच्या जुन्या डिस्क ब्रेकच्या मागे लागले. १९६५ ते १९८२ या काळातल्या कॉर्व्हेटचे मेलेले कॅलिपर विकत घ्यायचे, ते जिवंत करायचे आणि विकायचे, असा हा तीन पायऱ्यांचा धंदा. पैकी पहिल्या दोन पायऱ्या त्यांना उत्तम जमतात.

ही जात अमेरिकेत गावोगाव आहे. ओहायोत, मिशिगनमध्ये, पेनसिल्व्हेनियात कुठल्याशा गॅरेजात असा एक म्हातारा सापडतोच. बहुतेक गोरा, कारखान्यातून निवृत्त, खिशात मायक्रोमीटर, आणि जगाविषयी तक्रार एकच: लोकांना रंग कळतो, ब्रेक कळत नाही. आमचे काका त्याच जातीचे, फक्त साताऱ्याचे. ब्रेक विकणाऱ्याच्या जिभेलाच ब्रेक नाही, हा विनोद करायला नवा पाहुणा तोंड उघडतो न उघडतो तोच काकू हात वर करतात. ‘तो झालाय,’ म्हणतात.

साताऱ्याचा या प्रकरणाशी संबंध आहे. काकांच्या मामांची अँबॅसिडर टॅक्सी होती. खंबाटकी उतरून आलं की मामा गाडी बाजूला घेत, ‘ब्रेक तापलेत, निवू द्या जरा,’ म्हणत आणि चहा सांगत. उतारूंना वाटे, मामांना तलफ आलीय. पुढच्या सीटवर कोंबलेल्या भाच्याच्या नाकात मात्र लायनर जळल्याचा वास जाऊन बसला तो कायमचा. ड्रम ब्रेक म्हणजे बंद डबा. लायनर आतून घासतात, उष्णता आतच कोंडते, ड्रम तापून फुगतो आणि लायनरपासून लांब सरकतो. मग पाय तळापर्यंत जातो आणि गाडी आपल्या मनाने चालते. डिस्कचा सगळा व्यवहार उघड्यावर. चकती चाकाबरोबर फिरते, कॅलिपर तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतो, वारा लागत राहतो. काकांना माणसंही अशीच उघड्यावरची आवडतात. पोटात ठेवणारा भेटला की ‘हा ड्रम आहे’ म्हणतात.

विषय निघाला की काका १९०२ पासून सुरू करतात. त्या साली लँचेस्टर नावाच्या इंग्रज इंजिनिअराने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याचे पॅड तांब्याचे. ब्रेक दाबला की धातूवर धातू घासून असा किंचाळायचा की गाडी थांबण्याआधी बघणाऱ्यांच्या काळजाचे ठोके थांबावेत. तिथून काका उडी मारतात ती १९५३ च्या ल मां शर्यतीवर. डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जग्वार पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. बाकीचे गडी लांबलचक सरळ रस्त्याच्या टोकाला वळण येणार म्हणून आधीपासून वेग मारत होते, हे मात्र वळणाच्या तोंडाशी जाऊन ब्रेक दाबत. शर्यत चोवीस तासांची. काकांना ती सांगायला त्याहून थोडाच कमी वेळ लागतो.

मग १९६५. त्या वर्षी कॉर्व्हेटला चारही चाकांवर डिस्क ब्रेक आले, तेही कंपनीकडूनच, वेगळे पैसे न मोजता. उलट ज्याला जुने ड्रमच हवेत त्याला साडेचौसष्ट डॉलर सूट. त्या सालच्या साडेतेवीस हजार गाड्यांपैकी ३१६ गिऱ्हाइकांनी ही सूट घेतली. या ३१६ जणांवर काकांचा आजही राग आहे. त्यातले बहुतेक आता देवाघरी गेले असणार, पण काकांनी माफी दिलेली नाही. ‘साडेचौसष्ट डॉलर!’ ते म्हणतात, आणि अशा आवाजात, की रक्कम त्यांच्याच खिशातून गेली असावी.

या ब्रेकमध्ये दोष नाही असं नाही. एका कॅलिपरात चार पिस्टन, गाडीत सोळा. पिस्टन ज्या पोकळीत सरकतो ती बिडाची. ब्रेक ऑइलला हवेतलं पाणी ओढून घ्यायची खोड. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की ते पाणी आत बसून बिडाला गंज चढवतं, पोकळीत बारीक खड्डे पडतात आणि पिस्टनवरच्या रबरी सीलची कड त्यावर फाटते. एक दिवस मालक कौतुकाने कव्हर काढतो आणि चाकाखाली ओल दिसते. चालती गाडी त्या मानाने बरी असते. कॅलिपर मरतो तो बसून बसून.

मेलेला कॅलिपर तपासताना काकांना बघावं. आधी त्याचे दोन भाग सुटे करतात. पिस्टन निघत नाही, मग हवेच्या दाबाने काढतात. तो टप्पकन लाकडी फळीवर आपटतो तेव्हा काका डोळे मिटत नाहीत, आपण मिटतो. मग पोकळी पुसून आत टॉर्च मारतात आणि उजव्या करंगळीचं नख भिंतीवरून गोल फिरवतात. त्यासाठीच ते नख वाढवलेलं आहे. काकूंच्या माहेरी लग्नात हे नख पाहून कुणीतरी ‘तंबोरा वाजवता का?’ असं विचारलं होतं. नख सरळ फिरलं तर ‘हं.’ कुठे अडलं तर ‘गेला.’ गेलेल्या कॅलिपरची पोकळी मोठी करून आत स्टेनलेस स्टीलची नळी दाबून बसवायची आणि मूळ मापाला आणायची, पुढच्या चाकाला एक पूर्णांक सात अष्टमांश इंच, मागच्याला एक पूर्णांक तीन अष्टमांश. स्टेनलेसवर गंजाची मात्रा चालत नाही. बाहेरून बघाल तर कॅलिपर जसाच्या तसा, राखाडी, ओबडधोबड, ओतताना उमटलेल्या आकड्यांसकट. केलेलं काम दिसत नाही, हेच त्यातलं काम. हे सगळं ज्या लेथ आणि बोरिंग मशीनवर होतं ती दोन्ही गॅरेजात आहेत. त्यामुळे गाड्या बर्फात असतात. भांडी धुण्याचं यंत्रही गॅरेजात एक जादा आहे. ते तिथे का आलं आणि त्याआधी स्वयंपाकघरातल्या यंत्रात काय धुतलं गेलं होतं, हा विषय त्या घरात काढायचा नसतो.

विक्रीचं मात्र अवघड आहे. ऑगस्टअखेर पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी कॉर्व्हेटवाल्यांची मोठी जत्रा भरते. मैदानभर गाड्या, बॉनेट उघडी, मालक खुर्ची टाकून शेजारी. काका तिथे पत्त्यांच्या टेबलावर कॅलिपर मांडून बसतात. किंमत लिहिलेली नसते. एक गृहस्थ येतात, गोरेपान, टोपीवर गाडीचं चित्र, म्हणतात, चारचा संच हवा, केवढ्याला? आता ज्याला धंदा करायचा आहे तो आकडा सांगेल. काका विचारतात, ‘चकतीचा रनआउट किती आहे?’

गृहस्थांना ठाऊक नसतं. काका संच पुन्हा खोक्यात ठेवतात.

यात हट्ट आहे पण अक्कलही आहे. या गाडीत चकती हबला रिव्हेट मारून बसवलेली असते, आणि कारखान्यात दोन्ही एकत्र घासून सरळ केलेली. पुढे कुणी मेकॅनिक रिव्हेट पोखरून नवी चकती चढवतो आणि ती केसभर वाकडी फिरू लागते, तोच हा रनआउट. डोळ्याला दिसत नाही. पण इंचाच्या हजाराव्या भागाच्या पाचपट डुलली तरी पिस्टन आतबाहेर हलतात, सीलच्या कडेवरून हवा आत ओढली जाते आणि पेडल स्पंजासारखं होतं. मालक शिव्या देतो कॅलिपरला. म्हणून आधी मोजून आणा, मग पैसे काढा. गृहस्थ म्हणतात, माझ्याकडे मोजायचं काही नाही. काका टेबलाखालून स्वतःचं डायल गेज काढतात, चुंबकी बैठकीसकट, आणि त्यांच्या हातावर ठेवतात. नाव विचारत नाहीत, फोन नंबर घेत नाहीत. जगातल्या प्रत्येक रबरावर, प्रत्येक मेकॅनिकवर आणि प्रत्येक सीलबंद डब्यावर संशय घेणारा हा माणूस अडीचशे डॉलरचं उपकरण अनोळखी माणसाला देऊन टाकतो आणि डबा उघडून थालीपीठ खायला लागतो. गेज परत येतं. बहुतेकदा संध्याकाळच्या आत, कधी टपालाने, एकदा अलाबामातून आणि सोबत लोणच्याची बाटली.

दुसरी अडचण लाल रंगाची. हल्ली चाकांच्या फटीतून लालभडक कॅलिपर दिसावेत अशी हौस आहे. कुणी ‘लाल करून द्याल का?’ असं विचारलं की काका काही बोलत नाहीत, नुसते बघतात. त्यांच्या मते गाडीवाला रंगाऱ्यापुढे हजारोंची थैली मोकळी करतो, क्रोमवाल्याला मागेल ते देतो, आणि ही गाडी थांबावी कशी, या प्रश्नाला आला की त्याला घासाघीस आठवते. यावर मीही मान डोलावतो, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं. पण मान डोलावली की ते पुन्हा १९०२ कडे वळतात, म्हणून बेतानेच.

आता ब्रेकवर बसवण्याचं. कॅलिपर बदलला की नळ्यांतली हवा काढावी लागते, आणि हे काम दोघांचं. एक गाडीखाली, पाना घेऊन कॅलिपरवरच्या हवा सोडायच्या निपलशी. दुसरा सीटवर, पेडलवर पाय ठेवून. खालून हुकूम येतो: ‘दाब.’ मग ‘धर.’ मग निपल पुन्हा आवळलं की ‘सोड.’ हुकमाआधी सोडलं तर बाहेर काढलेली हवा परत आत आणि केलेलं सगळं पाण्यात. या गाडीला मागच्या प्रत्येक कॅलिपरला दोन-दोन निपलं, पुढे एकेक, म्हणजे सहा ठिकाणी हा जप. काकूंनी गुडघ्याचं कारण सांगून यातून अंग काढून घेतलं, तेव्हापासून पाहुण्यांवर पाळी आहे. गणपतीला आलेले डॉक्टर झाले, मंडळाचे खजिनदार झाले. भारतातून आलेले एक कीर्तनकारही झाले. ते प्रत्येक ‘धर’ला ‘विठ्ठल’ म्हणत, आणि काकांच्या मते त्या दिवशीइतकं घट्ट पेडल नंतर कधी लागलं नाही.

मुलीने घरी आणलेला मुलगा तेलुगू होता. काकूंना पुढची पन्नास वर्षं सांबार दिसत होतं. काकांनी त्याला पाणी विचारलं आणि सीटवर बसवलं. मुलाला मराठीचा गंध नाही, काकांना गाडीखाली इंग्रजी सुचत नाही. तरी ‘दाब’ आणि ‘धर’ त्याला दुसऱ्या निपलपर्यंत कळले. पाचव्या निपलला ‘धर’ म्हणून काकांनी निपल आवळलं. आता फक्त ‘सोड’ म्हणायचं बाकी होतं. तेवढ्यात निपलला लावलेल्या नळीच्या टोकाची बाटली भरलेली दिसली, म्हणून ते दुसरी बाटली आणायला उठले. वाटेत टपालवाला भेटला. तोही एक दुःखी जीव: सत्तर पौंडांपर्यंत काहीही भरा, दर तोच, अशी टपालखात्याची खोकी असतात आणि काका ती बिडाने भरतात. त्याच्याशी बोलणं झालं, मग चहा झाला, मग काकू म्हणाल्या, ‘अहो, तो कुठाय?’ मुलगा पेडलवर होता. पाय थरथरत होता, कपाळावर घाम, पण पेडल जिथल्या तिथे. काका गाडीखाली गेले आणि म्हणाले, ‘सोड.’ जेवताना त्यांनी मुलीला विचारलं, तारीख कोणती बघायची? जावयाचं मराठी अजून त्या तीन शब्दांपलीकडे गेलेलं नाही, पण संसाराला ते पुरत असावेत.

काकांची स्वतःची कॉर्व्हेट १९६९ ची आहे. रंगाचे पोपडे उडालेत, एका दाराचा रंग वेगळा. ते रोज चालवतात. या गाडीला डिकीचं झाकण नाही, सामान सीटच्या पाठीमागे दरवाजातूनच कोंबावं लागतं. त्यामुळे स्पोर्ट्स कार म्हणून जगाने गौरवलेल्या या वाहनात कायम कोथिंबिरीचा वास असतो. जत्रेतले मालक गाडी ट्रेलरवरून आणतात, ट्रेलरवरून नेतात. एकाला काकांनी विचारलं, ‘गेल्या वर्षी किती चालली?’ तो अभिमानाने म्हणाला, ‘अकरा मैल.’ काकांना रात्री झोप लागली नाही.

त्यावर उपाय म्हणून त्यांनी चिठ्ठ्या छापून घेतल्या. विकलेल्या प्रत्येक संचाबरोबर एक: ‘आठवड्यातून एकदा तरी गाडी बाहेर काढा. ब्रेक वापरल्याने झिजतो, न वापरल्याने मरतो.’ खोकी भरायचं काम काकूंकडे, कारण काका भरायला बसले की आत घालायचं जुनं वर्तमानपत्रच वाचत बसतात. हिशेबही काकूंकडेच. आणि त्यांनी एकदा हिशेबाची वही समोर ठेवून मला सांगितलं ते मला अजून खोडून काढता आलेलं नाही. गाड्या उभ्या राहतात म्हणून ब्रेक मरतात, ब्रेक मरतात म्हणून लोक यांच्याकडे येतात. त्यात यांनी स्टेनलेस बसवलं की ते गिऱ्हाईक आयुष्यात पुन्हा येत नाही. राहता राहिले बाकीचे, त्यांनाही चालवायची अक्कल शिकवली तर आपण खायचं काय?

परवा काकूंनी काकांच्या हातात किराण्याची यादी दिली. कोथिंबीर, हिंग, पोहे जाड, गूळ. काकांनी सहज कागद उलटला. मागे छापलेलं होतं, ‘आठवड्यातून एकदा तरी गाडी बाहेर काढा.’ स्वयंपाकघराच्या खणात तसल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला, चांगला वीतभर. काका काकूंकडे बघत राहिले. काकू फोडणी करत होत्या.

‘पोहे जाडच ना?’ काकांनी विचारलं आणि किल्ली उचलली.